बिनकुळींच्या बाई

१

खाटेवर बाईंची साडी होती, साडीच्या आत राख होती, आणि उशीशी घडी घालून ठेवलेला चष्मा तसाच्या तसा होता.

सर्व्हेअर दारातच थांबला. जिवंत असताना विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं बघण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. राख त्याला नवी नव्हती, पण ही आगीची राख नव्हती. साडीला झळ नाही, अभ्रा साधा पिवळासुद्धा पडलेला नाही. अंग जाळून कपडे शिल्लक ठेवणारी एकच गोष्ट त्याला माहीत होती. ऊन. तेही त्याच्यासारख्यांनाच जाळतं. लोक त्यांना व्हॅम्पायर म्हणत. ते स्वतःला रातवे म्हणत.

"तळघरात ऊन आलं कुठून, एवढंच शोधायचंय," मागून कारभारी म्हणाला. "आणि कुणी आणलं."

कारभारी शहरातल्या सगळ्यात मोठ्या कुळाचा. रातव्यांमध्ये ज्यानं तुम्हाला घडवलं त्याचं कुळ ते तुमचं कुळ. कुळाला स्वतःची वस्ती असते, सभेत बसायला जागा असते, पाठीशी चार माणसं असतात. ज्यांना घडवून कुणीतरी टाकून दिलं, आपण कुणाचे हेच ज्यांना ठाऊक नाही, ते बिनकुळी. त्यांना यातलं काही नाही. या बंद पडलेल्या शीतगृहात बाईंनी अशांनाच गोळा करून ठेवलं होतं. पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, म्हणून बाई. मेल्यावरही लोकांचं शुद्धलेखन सुधारत.

"यासाठी मलाच का बोलावलंत?" सर्व्हेअरनं विचारलं.

"तूही बिनकुळी, पण यांच्यात राहत नाहीस. शिवाय तुला कायम घरी जायची घाई असते. मला ते आवडतं."

खोटं नव्हतं. आज तर तो उठला तोच थकलेला. झोपेत नाकातून रक्त येऊन कॉलर भिजली होती. रक्तपेढीची शिळी पिशवी बाधली असेल म्हणून त्यानं शर्ट बदलला, पुन्हा आडवा होणार तेवढ्यात निरोप आला.

"उद्या संध्याकाळी मी सभेतल्या आत्यांना साक्षीला घेऊन येतो," कारभारी म्हणाला. "एक नाव दे. त्याला उन्हात बसवू, विषय संपला. नाव नाही मिळालं तर सगळं शीतगृह रिकामं. आणि शनिवारच्या सभेत ती काय बोलणार होती, त्याचा याच्याशी संबंध जोडत बसू नकोस."

"बरं."

"सोपं आहे तसं. ड्रायव्हरची उशी बघ. रक्तानं भिजलीय."

२

उशीआधी सर्व्हेअरनं ऊन शोधलं. खाटेसमोरच्या भिंतीत वर एक लोखंडी झडप होती. शीतगृह चालू होतं तेव्हा बाहेरच्या धक्क्यावरून बर्फाच्या लाद्या तिच्यातून आत सरकवत. तोंड पूर्वेला, कडी बाहेरून. तो धक्क्यावर गेला. झडपेवरच्या जुन्या रंगाचे पापुद्रे नुकतेच सुटले होते. बिजागरीला तेल होतं.

म्हणजे कुणीतरी पहाटे झडप उघडून ठेवली आणि सूर्य मावळल्यावर पुन्हा लावली. दिवसा रातवा मेल्यासारखा झोपतो. ऊन तोंडावर आलं तरी जाग येत नाही. धक्का फाटकाच्या आत, फाटकाला आतून कुलूप होतं, आणि बाई सोडून किल्ल्या तिघांकडे. ड्रायव्हर, न्हावी आणि नर्स.

ड्रायव्हर फळांच्या रिकाम्या खोक्यावर पाय पसरून बसला होता. धिप्पाड माणूस. तिघांत सगळ्यात नवा.

"हो, भांडलो मी बाईंशी," तो म्हणाला. "आडपडदा कशाला? माझ्या बसचे ब्रेक गेले, बस पुलाला धडकली. शुद्ध आली ती मागच्या गल्लीत, दातांची अशी अवस्था घेऊन. बायकोनं दुसरा संसार मांडला. चांगलं केलं. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं की हे कुणी केलं. आणि परवा बाई म्हणतात, 'मला माहीत आहे. शनिवारनंतर कळेल.' इतके दिवस माहीत होतं आणि बोलल्या नाहीत! मी टेबल उलटं केलं."

"आणि घडवणारा समोर आला असता तर?"

"काय करणार होतो? घडवणाऱ्यावर हात उठत नाही, हे काल घडलेल्यालाही माहीत असतं. वाईट करायला गेलं की बोटं थिजतात. तेवढंही सुख नाही आपल्याला."

"उशीवरचं रक्त कसलं?"

"नाकातलं. झोपेत आलं. तो कारभारी म्हणतो झटापटीचं." ड्रायव्हर हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. "दिवसा झोपेत मेलेल्या बाईशी कसली झटापट, साहेब? राखेशी?"

सर्व्हेअरचा हात नकळत कॉलरकडे गेला.

३

न्हाव्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. संध्याकाळी उघडे, आणि गिऱ्हाइकं जिवंत माणसं. रातव्यांमध्ये न्हाव्याला काम नाही. केस कितीही कापा, दुसऱ्या संध्याकाळी मेलो त्या दिवसाइतकेच होतात. "माझ्यासारखा दुर्दैवी कारागीर नाही," असं तो दर वेळी म्हणे. आज म्हणाला नाही. नुसता रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. आरशात खुर्ची दिसत होती, तो दिसत नव्हता.

"सगळ्यात आधी मी आलो त्यांच्याकडे," तो म्हणाला. "तापात गेलो होतो. गेलो असं सगळ्यांना वाटलं. उठलो तर कुठे जायचं कळेना. धक्क्यावर बसून होतो. बाई म्हणाल्या, आत या, उजाडतंय. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, मीही त्यांना नाही."

"शनिवारी त्या काय बोलणार होत्या?"

"नक्की नाही सांगितलं. म्हणाल्या, मी सभेत एकदा बोलले की तुम्हाला कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही. मात्र मी परत येणार नाही. मी म्हटलं, बाई, मग बोलूच नका. तर म्हणाल्या, 'दमले रे आता.'" न्हाव्यानं एक टॉवेल उचलला आणि उगाच घडी घातली. "इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं."

"हे अजून कुणाला ठाऊक होतं?"

"बाहेर कुणाला नाही. मला राहवेना, म्हणून मी नर्सला तेवढं बोललो. तिच्याशिवाय कुणाजवळ मन मोकळं करणार? ड्रायव्हरला सांगितलं असतं तर त्यानं बोंब मारली असती."

न्हाव्याच्या हातातल्या टॉवेलवर तपकिरी डाग होता.

"हे कसलं?"

"आज दिवसा दुकानाच्या मागच्या खोलीतच झोपलो. उशीर झाला होता. उठलो तर नाकाडोळ्यांतून रक्त." तो संकोचला. "वय झालं म्हणावं तर आपल्याला वय नाही."

सर्व्हेअर खुर्चीत बसला. न्हावी इथे, ड्रायव्हर शीतगृहात, आणि तो स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. एकाच दिवशी तिघांचं रक्त वाहिलं. तिघांनी एकच शिळी पिशवी तर प्यायली नव्हती.

४

नर्स रक्तपेढीत संध्याकाळच्या पाळीला असे. मुदत संपलेल्या पिशव्या तीच आणायची. तिच्या खोलीत सगळं टापटीप होतं. चादरीला सुरकुती नाही, उशी पांढरीशुभ्र.

"दादा, तुम्ही फार दमलेले दिसता," ती म्हणाली आणि न मागता एक पिशवी पुढे केली. "घ्या. कालच मुदत संपलीय. ताजीच म्हणायची."

त्यानं घेतली. तिच्या हातात माया होती, आणि तो बराच काळ कुणाच्या हातचं काही प्यायला नव्हता.

"तू पहाटे शेवटची आलीस?"

"हो. धक्क्यावर कुणी नव्हतं. बाई झोपल्या होत्या. मी चष्मा काढून उशीशी ठेवला. रोज ठेवते. नाहीतर मोडतात." तिचा आवाज कापला. खरंच कापला. "संध्याकाळी हाक मारायला गेले तर…"

"कुणावर संशय?"

"मी कुणाचं नाव घेणार नाही. पण रागाच्या भरात माणूस काय करेल, सांगता येत नाही. आणि ती उशी तुम्ही बघितलीतच."

"तुला कुणी घडवलं, कधी वाटलं नाही शोधावंसं?"

"शोधून काय मिळणार, दादा? टाकलं ते टाकलं." ती चादर नीट करू लागली, जी आधीच नीट होती.

बाहेर पडताना सर्व्हेअरच्या डोक्यात ती झडप नव्हती, बाईंचं भांडणही नव्हतं. तिघांच्या नाकातून रक्त यावं आणि चौथीची उशी कोरडी राहावी, हा काय प्रकार? बिनकुळींमध्ये हे सांगणारं कुणी नव्हतं. विचारायचं तर कुळातल्या जुन्या माणसाला.

५

आत्या दुसऱ्या कुळाच्या, सभेत सगळ्यात वडील. दोन कुळांत वाद झाला की साक्षीला त्यांनाच बोलावत. सर्व्हेअर गेला तेव्हा त्या टीव्हीचा आवाज बंद करून मालिका बघत होत्या.

"आवाज लावला की कळतं काय चाललंय," त्या म्हणाल्या. "मग मजा जाते. बोल."

"आत्या, तुम्हाला घडवणारे हयात आहेत?"

"नाहीत. आगीत गेले. फार जुनी गोष्ट."

"त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं?"

आत्यांनी मान वळवली. "उठले तर नाकाडोळ्यांतून रक्त. आमच्या सगळ्यांच्याच. घडवणारा गेला की त्यानं दिलेलं रक्त असं रडतं. कुळातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तुम्हाला कोण सांगणार म्हणा." त्या उठल्या, जवळ आल्या आणि त्याची खालची पापणी बोटानं ओढली. "लाल रेघ आहे. आठवडाभर राहते ही. तुझं कोण गेलं रे?"

त्याला स्वतःचं मरण आठवलं.

जळालेल्या गोदामाची पाहणी करत होता. छप्पर कोसळलं. पुढचं आठवत होतं ते इतकंच, की शुद्ध आली तेव्हा डोक्याखाली कुणीतरी स्वेटरची घडी ठेवली होती. मग बाई भेटल्या, योगायोगानं, असं त्याला वाटलं होतं. दर महिन्याला त्या निरोप पाठवत, येऊन जा. तो कधी जाई, बहुधा टाळी. गेला की बाई विचारत, "नीट आहेस ना?" आणि तो म्हणे, "हो."

"बाईंना मरणारं माणूस बघवायचं नाही," तो शेवटी म्हणाला. "ताप, अपघात, छप्पर. आम्ही तिघंही मरतच होतो."

"सभेच्या परवानगीशिवाय घडवलं तर घडवणाऱ्याला ऊन," आत्या म्हणाल्या. "म्हणून गप्प बसली बिचारी. पण घडलेल्यांना शिक्षा नसते. आणि एका रक्ताचे तिघं सिद्ध झाले की ते कुळ. जागा त्यांची, सभेत मान त्यांचा. शनिवारी ती स्वतःचं मरण देऊन तुमचं कुळ मांडणार होती. कुणीतरी ते मांडू दिलं नाही."

"मला विचारलं नव्हतं तिनं," तो म्हणाला. "जगायचंय का म्हणून."

"मरताना तू उत्तर दिलं असतंस?" आत्या पुन्हा टीव्हीसमोर बसल्या. "उद्या मी येते. तुझ्या पापणीचं मी बोलणार नाही. ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं."

६

दुसऱ्या संध्याकाळी बाईंच्या खोलीत सगळे जमले. कारभारी मध्ये उभा, आत्या बाईंच्या खुर्चीत.

"नाव?" कारभारी म्हणाला.

"आधी उश्या," सर्व्हेअर म्हणाला. "ड्रायव्हरच्या उशीवर रक्त आहे. न्हाव्याच्या टॉवेलवर आहे. नर्स, तुझ्या?"

"माझी उशी कोरडी आहे," नर्स लगेच म्हणाली. "तुम्ही स्वतः बघितलीय. कुणीही बघा."

"ऐकलंत ना, आत्या?"

"ऐकलं," आत्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरची पापणी ओढली. लाल. न्हाव्याची ओढली. लाल. नर्सची पांढरी निघाली. मग त्यांनी त्या रक्ताचा अर्थ सांगितला. ड्रायव्हर खाली बसला. ज्याला शोधत होता तिच्याच अंगावर त्यानं टेबल उलटं केलं होतं. ते तिला लागलं कसं नाही, टेबल ढकलताना मनगट मध्येच कसं अडकलं, हे त्याला आत्ता कळलं. न्हावी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ही दोघं तिची लेकरं," सर्व्हेअर म्हणाला. "घडवणाऱ्यावर हात उठत नाही, मग झडपेची कडी कशी उघडणार? किल्ली असलेली तिसरी एकटी नर्स. आणि अजून एक. बाई शनिवारी बोलणार आहेत हे न्हाव्यानं एकट्या नर्सला सांगितलं होतं. कारभारी, ते तुमच्यापर्यंत कसं आलं? पहिल्या संध्याकाळी मी काही विचारायच्या आत तुम्हीच बोललात. आणि उशीवरच्या रक्ताचा अर्थ माहीत असूनही त्याला झटापटीचं म्हणालात."

"गावभर चर्चा होती," कारभारी म्हणाला.

आत्या नर्सकडे वळल्या. "बाळ, तू कुणाची? तुला टाकून दिलेलं नाही. कुणीतरी इथे ठेवलंय. नाव सांग, म्हणजे भार त्याच्यावर जाईल."

नर्सनं कारभाऱ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "मी हिला ओळखत नाही."

तिचा चेहरा तेव्हा उतरला; एवढा वेळ तो उतरला नव्हता. तिनं बोलायला तोंड उघडलं. आणि ते तसंच राहिलं. जबडा अर्धवट उघडा, जीभ थिजलेली, गळ्याच्या शिरा ताठ. कितीही जोर केला तरी शब्द फुटेना. ज्याचं नाव घेतलं की त्याचं वाईट होणार, त्यानंच तिला घडवलं होतं.

"पुरे," आत्या म्हणाल्या. "कळलं. नको बोलूस."

जबडा सुटला. ती हमसून रडायला लागली.

कारभाऱ्यानं कोटाच्या बाह्या नीट केल्या. "कळून उपयोग काय? लाल पापण्या दोन. दोघांचं कुळ होत नाही. बिनकुळीचा जीव गेला म्हणून सभा कुळाच्या कारभाऱ्याला जाब विचारत नाही. शीतगृह उद्या रिकामं."

 आत्यांनी सर्व्हेअरकडे बघितलंही नाही.

त्याला शिंप्याच्या दुकानावरची खोली आठवली. तिथे त्याला कुणी हाक मारत नसे आणि त्यालाही कुणाला ओ द्यावी लागत नसे. गप्प राहिलं की झालं. बाईंवर त्याचा राग होता. इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं. खाटेवरची राख अजून कुणी उचलली नव्हती. कुळ नसलेल्यांची राख कुणी उचलायची, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तीन," तो म्हणाला आणि पुढे होऊन दिव्याखाली उभा राहिला. "माझीही बघा."

७

कारभारी गेला. सभेत त्याचं काय होईल ते होईल. अशी माणसं पडली तरी सहसा मऊ गादीवर पडतात. पण शीतगृहावर आता त्याचा हक्क नव्हता. जाताना आत्या एवढंच म्हणाल्या, "मारणारा मेलेल्याच्या कुळाच्या ताब्यात. म्हणजे ती तुमच्याकडे. काय करायचं ते उजाडायच्या आत ठरवा."

नर्स धक्क्यावर बसून राहिली होती. कुणी तिला बांधलं नव्हतं. तिघं आत बोलले.

"ऊन," ड्रायव्हर म्हणाला. "झडपेतून आत सोडलं तसंच."

न्हाव्यानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. "रोज चष्मा काढून ठेवायची ती बाईंचा," तो म्हणाला. "त्या दिवशीही ठेवला."

सर्व्हेअर बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसला. पूर्वेकडचं आभाळ राखाडी होऊ लागलं होतं.

"नाही म्हणता आलं असतं तुला," तो म्हणाला. "हात उठत नाही हे खरं, पण हुकूम मोडता येतो."

"येतो," ती म्हणाली. "पण तो म्हणाला होता, एवढं कर, मग तुला घरी नेतो. तुम्हाला नाही कळायचं, दादा. तुम्हाला घरी नेतो म्हणणारं कुणी नव्हतंच."

"होतं," तो म्हणाला. "मी जात नव्हतो."

 मग तो उठला. "माझ्या हातानं तुला उन्हात बसवणार नाही. मी दमलोय. बाईंच्या खोलीत तू पाऊल टाकायचं नाहीस, आमच्या ताटात तुझी पिशवी नको. जा तू."

"कुठे जाऊ?"

 आत न्हावी बाईंची राख साडीतच बांधत होता, गाठ नीट बसेना म्हणून पुन्हा सोडत होता. आभाळाची कड पांढरी झाली. नर्स तशीच बसली होती, पाय खाली सोडून.

ड्रायव्हर दारात आला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, रागानंच म्हणाला,

"आत हो. उजाडतंय."